बर्फावरचा माग

माग काढण्याची विद्या आपल्या महाराष्ट्राला नवी नाहीं. पूर्वीं गांवांत चोरी झाली म्हणजे जागल्या किंवा रामोशी पहाटेस उठून धुळींतील पावलें पाहत गांवच्या शिवेपर्यंत जात असे, आणि माग शिवेपलीकडे गेला असल्यास तो पुढच्या गांवाच्या स्वाधीन करून मोकळा होत असे. ज्या गांवांत माग जिरला त्या गांवानें चोर हुडकून द्यावा, नाहीं तर नुकसान भरून द्यावें, असा दंडक असे. धुळींतील चार ठशांवर साऱ्या गांवाची जबाबदारी ठरत असे, म्हणून माग काढणाऱ्याला जपून बोलावें लागे. आज मी ज्या मागाविषयीं बोलणार आहें तो धुळींतला नसून बर्फांतला आहे, आणि चोरांचा नसून वन्य पशुपक्ष्यांचा आहे. परंतु ठशावरून काय म्हणावें व काय म्हणूं नये, हा प्रश्न तेथेंहि तितकाच महत्त्वाचा आहे.

आपल्या सह्याद्रींत बर्फ पडत नाहीं. तेव्हां हा विषय मला सुचला कोठून, असें कोणी विचारील. शाळेंतून निवृत्त झाल्यावर हिमाचल प्रदेशांतील स्पीती खोऱ्यांत दोन हिवाळे राहण्याचा योग मला आला. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे रस्त्याच्या कामावर होता. त्याच्या आग्रहानें मी गेलों. हिवाळ्यांत मनालीकडील कुंझुम खिंड बर्फानें बंद होते, म्हणून शिमला व किन्नौर यांच्या वाटेनें जावें लागतें. तेथील किब्बर हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० मीटर उंच आहे. आसमंतांत झाडाचें नांव नाहीं. उघडे डोंगर, उभे कडे आणि खोल घळई. गांवाला लागूनच वन्य जीवांचें अभयारण्य आहे. हिमबिबट्या, लांडगा, तांबडें खोकड, ससा, भरल नांवाची रानमेंढी, आयबेक्स नांवाचा लांब शिंगांचा रानबोकड, आणि आपल्या कवींचा आवडता चकोर, हे सारे तेथें हिवाळाभर वावरतात. उन्हाळ्यांत त्या खडकाळ भूमीवर पाऊल उमटत नाहीं. मात्र एकदां बर्फ पडलें, कीं रात्रभरांत कोण कोठून आला, कोठें थांबला, कशाला भ्याला, याची नोंद सकाळीं अंगणापासून कड्यापर्यंत पसरलेली दिसते.

ही नोंद वाचावी कशी? नवशिका मनुष्य ठसा दिसतांच त्यावर ओणवा होतो आणि बोटें मोजूं लागतो. जाणते लोक तसें करीत नाहींत. ते आधीं बर्फ वाचतात, मग चाल वाचतात आणि पाऊल सर्वांत शेवटीं वाचतात. हा क्रम मनांत ठेवला तर निम्मी विद्या हातीं आली असें समजावें.

प्रथम बर्फ. बर्फ एकाच प्रकारचें नसतें. नुकतेंच पडलेलें गुडघाभर भुसभुशीत बर्फ असेल तर पाय आंत जातो व वरचे कण ठशांत ढासळतात. तेथें बोटें, नखें कांहींच दिसत नाहीं, नुसतें भोंक दिसतें. उलट जुन्या बर्फावर कडक पापुद्रा धरलेला असेल तर मेंढीचा खूर तो फोडून आंत जातो, पण खोकडासारखा हलका प्राणी त्यावरून चालत गेला तरी त्याची खूण राहत नाहीं. सर्वांत उत्तम कागद म्हणजे कडक थरावर पडलेलें बोटभर जाडीचें नवें बर्फ. त्यावर तळव्याच्या गादीची कडासुद्धां स्पष्ट उमटते.

बर्फावरून ठशाचें वयहि कळतें. बर्फ काल सायंकाळीं थांबलें असेल तर त्यावरील प्रत्येक ठसा त्यानंतरचा, एवढें तरी निश्चित झालें. म्हणून बर्फ केव्हां थांबलें व वारा केव्हां सुटला, हें रोज टिपून ठेवावें. ताज्या ठशाची कडा धारदार असते, आणि पाय उचलतांना उडालेले कण त्याच्या आजूबाजूस मोकळे पडलेले असतात. दाबलें गेलेलें बर्फ कांहीं तासांत आपोआप घट्ट होत जातें. त्यामुळें रात्रीच्या ठशाचा तळ सकाळीं बोटाला कठीण लागतो. वाऱ्यानें ठसा कणांनीं भरत जातो. कधीं कधीं तर उलटा प्रकार होतो. भोंवतालचें मोकळें बर्फ वारा उडवून नेतो, दाबलेलें तेवढें जागच्या जागीं राहतें, आणि खोलगट ठशाच्या ठिकाणीं उंच चबुतऱ्यासारखें पाऊल उभें राहतें! ठशाचें वय ताडण्याची एक सोपी युक्ति आहे. त्याच्या शेजारीं आपल्या मुठीचा ठसा उमटवावा आणि दर दोन तासांनीं त्यांत काय पालट होतो तें पाहावें. चार दिवस असें केलें म्हणजे डोळ्यांना आपोआप अंदाज येऊं लागतो.

प्रकाशाचेंहि भान ठेवावें. भर दुपारीं ऊन डोक्यावर असतां ठशांत सावली पडत नाहीं, आणि डोळ्यांपुढें नुसता पांढरा झगझगाट राहतो. माग पाहण्यास सकाळचें वा सायंकाळचें तिरपें ऊन चांगलें. ठसा आपल्या व सूर्याच्या मध्यें राहील असें उभें राहावें, म्हणजे त्याची प्रत्येक कडा सावलीनें रेखलेली दिसते.

आतां चाल. शाळेंत मी मुलांना नेहमी सांगत असें, कीं शब्द ओळखतां आला म्हणजे वाक्य कळलें असें होत नाहीं. एक ठसा हा एक शब्द आहे. वाक्य वाचावयाचें तर दहावीस पावलें मागें सरून साऱ्या ओळीकडे पाहिलें पाहिजे. खोकडाची ओळ पाहा. तें दुडक्या चालीनें निघालें म्हणजे त्याचा मागचा पाय बहुधा पुढच्या पायाच्या ठशांतच पडतो, आणि चार पायांच्या प्राण्यानें दोरी लावून एकेक टांका घातल्यासारखी सरळ रेघ बर्फावर उमटते. बर्फांत शक्ति वांचविण्याचा हा उपाय आहे. एकदां दाबलेल्या जागीं पुन्हां पाय टाकला म्हणजे तो रुतत नाहीं. लांडगाहि लांबच्या पल्ल्यावर असाच चालतो. लांडग्यांची टोळी एकामागून एक त्याच ठशांतून गेली तर पाहणाराला एकच जनावर गेल्याचा भास होतो. वाट वळते किंवा अडथळा येतो तेथें टोळी फुटते आणि खरी संख्या उघडी पडते. गांवचा पाळीव कुत्रा मात्र पोट घरीं भरलेलें असल्यामुळें शक्तीची पर्वा करीत नाहीं. तो इकडे हुंगतो, तिकडे धांवतो, परत फिरतो. त्याची ओळ मांजरानें विसकटलेल्या लोकरीसारखी दिसते.

सशाची चाल तर नवशिक्याला हमखास चकविते. ससा उडी मारून पुढचे पाय टेकतो आणि मागचे लांब पाय त्यांच्याहि पुढें नेऊन ठेवतो. त्यामुळें चौकडींतील दोन मोठे ठसे पुढें व दोन लहान ठसे मागें पडतात. हें ठाऊक नसेल तर मनुष्य सशाच्या उलट दिशेनें चालूं लागतो.

इतकें झाल्यावर पावलाकडे वळावें. मार्जारकुळांतील प्राण्याचा ठसा वाटोळा असतो. चार बोटें उमटतात, पण नखें आंत ओढलेलीं असल्यामुळें तीं बहुधा उमटत नाहींत. तळव्याची गादी मोठी असते व तिच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात. श्वानकुळांतील प्राण्याचा ठसा लांबट असतो, नखांचीं टोकें दिसतात, आणि बोटें व गादी यांच्या मधून फुलीच्या दोन रेघा सहज ओढतां येतात. हिमबिबट्याचा ठसा सुमारें नऊ ते दहा सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या तळव्यांवर दाट केस असतात. ते त्याला थंडींत ऊब देतात व रुतूंहि देत नाहींत, पण त्यामुळेंच ठशाची कडा थोडी धूसर होते. त्याचें शेपूट चांगलें हातभर लांब व जाड असतें. खोल बर्फांत कधीं कधीं त्याचीहि रेघ उमटते. तो उघड्या मैदानापेक्षां डोंगराची धार, कड्याचा पायथा व घळईचें तोंड पसंत करतो. पुढें झुकलेल्या खडकाखालीं मागच्या पायांनीं माती खरडून तो आपल्या वासाची खूण ठेवतो. म्हणून जाणता मनुष्य आधीं अशा जागा धुंडाळतो. माग तेथें आपण होऊन भेटतो.

खुरांच्या बाबतींत मात्र सावध राहावें. भरल व आयबेक्स यांचे दुभंगलेले खूर एकमेकांसारखेच असतात, आणि त्यांत गांवच्या शेळ्यामेंढ्यांची भर पडते. येथें ठशापेक्षां कळप कोठून कोठें गेला, त्यानें बर्फ उकरून गवत कोठें खाल्लें, उभ्या कड्यावर तो कसा चढला, हें पाहून निर्णय करावा. पक्ष्यांचीं पावलें लहान मुलांनाहि ओळखतां येतात. चकोराचीं तीन बोटें पुढें असतात व त्याची ओळ झुडुपांच्या खालून नागमोडी जाते. आणि एखादे वेळीं सशाची ओळ चालतां चालतां एकाएकीं संपते, दोन्ही बाजूंस पंखांच्या पिसांचे पंख्यासारखे फटकारे उमटलेले असतात, मध्यें रक्ताचा एक थेंब असतो, आणि पुढें स्वच्छ कोरें बर्फ! सोनेरी गरुडाची ती सही होय.

आतां या विद्येची कसोटी कोठें लागते तें सांगतों. १९२१ सालीं एव्हरेस्टच्या पहिल्या पाहणीस गेलेल्या पथकाचा नायक हॉवर्ड-बरी याला ल्हाक्पा ला या खिंडींत अनवाणी माणसाच्या पावलांसारखे ठसे दिसले. ते लांडग्याच्या धांवेचे दुहेरी ठसे असावेत, असें त्याचें स्वतःचें मत होतें. परंतु हमालांनीं हिममानवाचें नांव घेतलें आणि वर्तमानपत्रांनीं तेंच उचललें. पुढें १९५१ सालीं एरिक शिप्टन यानें मेनलुंग हिमनदीवर एका प्रचंड पावलाचें छायाचित्र घेतलें. तें जगभर गाजलें. २०१९ सालच्या एप्रिलांत आपल्या सैन्याच्या एका गिर्यारोहक तुकडीनें मकालू पर्वताजवळ पाहिलेल्या ३२ इंच लांब व १५ इंच रुंद ठशांचीं चित्रें प्रसिद्ध झालीं, तेव्हां येती या हिममानवाची चर्चा पुन्हां घरोघर झाली. ज्यानें आधीं बर्फ वाचलें आहे त्याला अशा ठशाचें फारसें आश्चर्य वाटत नाहीं. मागचा पाय पुढच्या ठशावर अर्धवट पडला म्हणजे दोहोंचा मिळून एक लांबोडा ठसा होतो. त्यावर ऊन लागलें म्हणजे कडा वितळून तो चहूं बाजूंनीं वाढतो आणि रात्रीं पुन्हां गोठून तसाच कायम होतो. दोन दिवसांच्या उन्हांत लहान पावलाचें मोठें पाऊल होण्यास अडचण पडत नाहीं. २०१७ सालीं हिममानवाचे म्हणून जपून ठेवलेले नऊ अवशेष आनुवंशिक तपासणीसाठीं घेतले गेले. त्यांपैकीं आठ अस्वलांचे निघाले व एक कुत्र्याचा. बर्फानें खोटी साक्ष दिली नव्हती. बर्फ बदलतें, हें ऐकणाऱ्यांनीं ध्यानांत घेतलें नव्हतें.

दुसरी कसोटी मोजदादीची. आपल्या देशांत वाघांची गणना बरींच वर्षें पावलांच्या ठशांवरून होत असे. ओरिसांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं १९६६ सालीं ही पद्धति बसविली, आणि १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेंत १,८२७ वाघ धरले गेले. परंतु एकाच वाघाचा ठसा चिखलांत निराळा व धुळींत निराळा उमटतो. मोजणारा बदलला कीं माप बदलतें. राजस्थानांतील सरिस्का येथें कागदावर वाघ होते, पण २००५ मध्यें तेथें एकहि वाघ उरला नसल्याचें उघडकीस आलें, आणि ती पद्धति मागें पडली. मग ठशांचा उपयोग संपला काय? मुळींच नाहीं. २०१९ ते २०२३ या काळांत आपल्या देशांतील हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध गणना झाली. तींत कार्यकर्त्यांनीं १३,४५० किलोमीटर वाटा पायीं तुडवून आधीं ठसे, विष्ठा व खरडलेल्या जागा हुडकल्या. त्यानंतर १,९७१ ठिकाणीं आपोआप चित्र घेणारे कॅमेरे ठेवले. अंगावरील ठिपक्यांवरून २४१ निरनिराळे प्राणी ओळखले गेले, आणि त्यावरून एकंदर ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज काढला गेला. त्यांपैकीं ४७७ एकट्या लडाखांत. हे आंकडे जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झाले. प्राणी येथें आहे, हें ठशानें सांगावें. तो कितवा, हें ठिपक्यांनीं सांगावें. ज्या साक्षीदाराला जेवढें ठाऊक आहे तेवढेंच त्याला विचारलें म्हणजे तो कधीं फसवीत नाहीं.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, कारण तेथें कोणाचा तरी प्राण पणाला लागलेला असतो. स्पीती व लडाख या भागांत माणसाची संपत्ति म्हणजे याक, घोडे, शेळ्या व मेंढ्या. एखाद्या सकाळीं गोठ्याबाहेर मेलेली मेंढी सांपडते, आणि भोंवतीं पावलांची दाटी असते. घरधनी संतापलेला असतो. लांडग्याचें नांव त्याच्या ओठांवर तयारच असतें. लडाखांत पूर्वीं लांडग्यासाठीं दगडी भिंतींचे खोल खड्डे बांधीत. त्यांना शांगदोंग म्हणतात. आंत जिवंत जनावर ठेवून लांडग्याला उतरूं द्यावयाचें आणि वर चढतां येईनासें झालें म्हणजे दगडांनीं ठेंचून मारावयाचें. अशा वेळीं माग वाचणाऱ्याच्या एका शब्दावर पुढचें सारें अवलंबून असतें.

त्यानें काय पाहावें? कोणता ठसा कोणत्या ठशावर पडला आहे, तें पाहावें. वरचा ठसा नंतरचा, खालचा आधींचा. हा नियम बर्फांत कधीं मोडत नाहीं. मेंढी मारणारा प्राणी एक असतो आणि खावयास मागून येणारे अनेक असतात. खोकड येतें, मोकाट कुत्रे येतात, डोमकावळे उतरतात. ज्याचीं पावलें सर्वांत अधिक, तोच मारेकरी, असें ठरविणें म्हणजे मयताला जमलेल्या माणसांपैकीं कोणालाहि खुनी ठरविण्यासारखें आहे. मेंढीच्या धांवेचे खूर शोधावेत. त्यांच्या बरोबरीनें कोणाची झेप पडली आहे तें पाहावें. गळ्यावर दातांच्या खुणा आहेत कीं सारें अंग ओरबाडलें आहे तें पाहावें. मार्जारकुळांतील शिकारी बहुधा गळा धरतो. आणि लांडगा कीं मोठा कुत्रा, हें एकट्या ठशावरून खात्रीनें सांगतां येत नाहीं, तेव्हां तसें स्पष्ट सांगावें. आज त्या प्रदेशांत मोकाट कुत्र्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे, आणि त्यांनीं केलेल्या नासधुशीचा आळ लांडग्यावर सहज जातो. मला माग दाखविणारे किब्बरचे वृद्ध गृहस्थ अशा प्रसंगीं बराच वेळ गप्प उभे राहत. कोणी घाई केली तर म्हणत, “बर्फाला अजून बोलूं द्या.”

गांवकऱ्यांचा रागहि समजून घेतला पाहिजे. दहा मेंढ्या गेल्या तर वर्षाची कमाई जाते. त्याला उपदेश पुरत नाहीं. किब्बरला २००२ सालापासून गांवकऱ्यांनीं जनावरांच्या विम्याची योजना चालविली. त्यांत मालकानें वर्गणी द्यावयाची आणि नुकसान झाल्यास गांवच्याच समितीनें मागाची शहानिशा करून भरपाई द्यावयाची. शेजारीच परीक्षक असल्यामुळें खोटी मागणी टिकत नाहीं. लडाखमधील चुशूल येथें २०१८ सालीं लोकांनीं आपले शांगदोंग निकामी केले व त्यांच्याजवळ स्तूप उभारला. भरपाईचा मार्ग मोकळा झाला आणि माग नीट वाचला गेला, म्हणजे सूडाची निकड कमी होते.

शेवटीं, ज्यांना हा छंद धरावयाचा असेल त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगतों. हिमालयांत एकट्यानें कधीं जाऊं नये. बर्फाच्या कड्याखालून व ताज्या उतारावरून चालूं नये. स्थानिक वाटाड्याचा शब्द अखेरचा मानावा. दुसरी गोष्ट अशी, कीं माग सांपडला म्हणजे प्राण्याच्या मागें लागूं नये, माग उलटा चालावा. पुढें गेलात तर तो प्राणी बिचकून पळेल. हिवाळ्यांत चारा व शिकार दोन्ही दुर्मिळ असतात, आणि अशा धांवेंत त्याची शक्ति व्यर्थ खर्ची पडते. मागें गेलात तर तो कोठें निजला, कोठें पाणी चाटलें, कोठें दबा धरला व कोठें निराश होऊन उठला, हें सारें त्याला न दुखवितां वाचावयास मिळतें. जो गेला आहे त्याची हकीकत त्याच्या पाठीमागेंच लिहिलेली असते.

ज्यांना बर्फापर्यंत जाणें शक्य नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. आपल्या ओढ्याच्या कांठचा ओला गाळ, पहिल्या पावसानंतरची शेताची वाट, पाणवठ्याजवळची मऊ धूळ, हींहि त्याच पुस्तकाचीं पानें आहेत. उद्यां सकाळीं मुलाचा हात धरून तेथें जावें, पाऊल कोणाचें हें लगेच सांगूं नये; माती ओली केव्हां झाली, ऊन केव्हां पडलें, चाल कशी होती, हें त्याला विचारावें. “कोण गेलें?” या प्रश्नाचें उत्तर त्यानें शेवटीं द्यावें, आणि देतां येत नसेल तर “मला ठाऊक नाहीं” असें म्हणण्याची त्याला मोकळीक असावी.